नोएलच्या उंचीची मेणबत्ती

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहतं, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. शेजारी काय शिजलंय ते तव्यावरची पोळी उलटायच्या आत मला ह्यांच्या कानावर घालायचं असतं. पण हे मात्र राहिलं. वर्षानुवर्षं राहिलं.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मराठी वाचता. हे काय कारण झालं, म्हणाल. झाशीत राहिलात तर कळेल. इथे मराठी बोलायची ती घरात, देवापुढे आणि भांडताना. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते ती हिंदीत, आणि वाचायला दिलं की दोन ओळींत जांभई. म्हणजे मराठीत लिहिलेलं या गावात कुलूप लावून ठेवल्यासारखंच. तेव्हा ही कबुली मी मराठीत लिहितेय, यातच निम्मी लबाडी आहे — ती आधीच सांगून टाकते. उरलेली सावकाश येईल.

मी सहली काढते. चर्चच्या मंडळींच्या. हसलात ना? सगळेच हसतात. आमचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारकुनी करायला इकडे आले, घरात अजून सोवळ्याचं वेगळं कपाट आहे, आणि सून काय करते, तर फादर आणि पास्टर लोकांना तीर्थयात्रेला नेते. सुरुवात काही अशी नव्हती. आधी मी आपल्या मराठी मंडळींच्या सहली काढायचे — गाणगापूर, नाशिक, कोल्हापूर. पण झाशीत मराठी घरं ती किती? दोन सहलींत सगळी संपली. तिसऱ्या वेळी त्याच लोकांना पुन्हा कोल्हापूर दाखवायची पाळी आली, तेव्हा मी धंदा गुंडाळायला निघाले होते. मला थांबवलं रोझी आंटीनं.

रोझी आंटी ही माझ्या लहानपणची शेजारीण. माझे वडील रेल्वेत कारकून आणि तिचा नवरा गार्ड, दोन्ही क्वार्टरांच्या मध्ये एकच पेरूचं झाड. पेरू कुणाचे, यावरून आमच्या आया अधूनमधून अबोला धरायच्या आणि नाताळ आला की सोडायच्या. वाळूच्या पातेल्यात केक भाजायला मला तिनं शिकवलं. माझ्या लग्नात आमच्या सगळ्या मावश्यांच्या आधी तीच रडली. पुढे नवरा गेला, मुलगी नर्स म्हणून आखातात गेली, आणि मुलीचा मुलगा नोएल आजीजवळ राहिला. घर तिनं आमच्याच गल्लीत घेतलं, चर्चच्या वाटेवर. तर या रोझी आंटीनं मला फादरसमोर नेऊन उभं केलं आणि सांगितलं, ही माझी पोरगी, हिला वेलंकणीची यात्रा द्या. फादरांनी विचारलं, यांना अनुभव काय? आंटी म्हणाली, मला आहे ना, या पोरीचा.

ते काम काय असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? चर्चची सहल म्हणजे नुसतं तिकीट आणि लॉज नव्हे. रोज मिस्सा, त्यांची चर्चमधली पूजा, झाली पाहिजे, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी कुठलं तरी चर्च आणि त्याचे फादर आधी गाठून ठेवायचे. शुक्रवारी मटण नको, आणि ते नको म्हणून शनिवारी दुप्पट हवं. उपासकाळात सहल नाही, मेच्या सुट्टीत सगळ्यांना एकदमच जायचंय. गायकमंडळाला सगळ्यांना खिडकी हवी. आणि धंद्याची रीत अशी, की मंडळी घेऊन येणाऱ्या प्रमुखाची जागा मोफत — त्यामुळे पहिल्याच मीटिंगला मला कळलं, की त्या चर्चमध्ये प्रमुख नसलेला माणूस कुणीच नाही. मीटिंगची सुरुवात प्रार्थनेनं होते आणि शेवट खालच्या बर्थवरून भांडणानं. मला हे सगळं फार आवडलं. अजूनही आवडतं. आमच्या मराठी मंडळींपेक्षा ही माणसं भांडून लवकर हसतात.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा नव्यानं कळली, ती कबुलीची. फादर एका बाजूला जाळीआड बसतात, लोक रांगेनं जातात, गुडघे टेकून जे काय असेल ते सांगतात, आणि बाहेर येतात तेव्हा चेहरे कसे धुतल्यासारखे होतात. सहलीत कुठल्या संध्याकाळी कबुली ठेवायची, कुणाला आधी पाठवायचं, चहा आधी की नंतर, हे सगळं मीच आखते. रांग मीच लावते. रांगेच्या टोकाला उभी राहते आणि सगळे आटोपले की चहाला सांगते. आमच्यात अशी सोय नाही — नाही तर मी हे इथे का लिहीत बसले असते?

मूळ गोष्टीकडे येत नाहीये मी, हे तुमच्या लक्षात आलं असेल. येते.

नोएल चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. ऐकू सगळं येत होतं. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, घसा ठीक, थांबा. थांबणं हे रोझी आंटीच्या स्वभावात नाही. तिला स्वतःला यात्रेला येता येत नव्हतं, गुडघे तेव्हाच बोलू लागले होते आणि पोराला कुणावर टाकणार? मग तिनं त्यांच्यातला एक जुना नवस धरला. ज्याच्यासाठी मागायचं, त्याच्या उंचीची मेणबत्ती वेलंकणीच्या मातेपुढे लावायची. बाजारातून आणली असती तर पंचाईतच नव्हती. पण तिनं ती घरी केली. नोएलला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून खूण केली, तेवढा पाइप कापून आणला आणि त्यात मेण ओतलं. आणि मेण कुठलं? वर्षानुवर्षं जपून ठेवलेले तुकडे होते तिच्याकडे. नवऱ्याच्या कबरीवर दर नोव्हेंबरला लावलेल्या मेणबत्त्यांचे, मुलीच्या लग्नातल्या गुलाबी मेणबत्त्यांचे, नाताळचे, नोएलच्या बाप्तिस्म्याचे. सगळं आयुष्य त्या पाइपात ओतलं म्हणा ना. मेणबत्ती निघाली ती पांढरी, मधेच गुलाबी रेघा आणि जराशी वाकडी. तिनं ती जुन्या चादरीत गुंडाळून, टाके घालून माझ्या हातात दिली आणि एकच सांगितलं.

"गोद में ले जाना, बिटिया. सामान में मत डालना."

मी म्हणाले, आंटी, नोएलच समज. असंच म्हणाले. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

झाशी ते चेन्नई रेल्वेत मी खरंच शब्द पाळला. मे महिना, वारा म्हणजे चुलीतून आल्यासारखा, आणि मी बर्थवर त्या चादरीला ओला टॉवेल गुंडाळून कडेला घेऊन झोपले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, बच्चा बीमार है क्या? मी हो म्हणाले. मला त्याची गंमत वाटली होती. चेन्नईला उतरलो, पुढे बस. आणि इथे — इथेच माझी बुद्धी फिरली. का, ते सांगते. सांगायला लाज वाटते, इतकं क्षुल्लक आहे.

माझी पहिली मोठी सहल. नवी साडी, छातीवर नावाचा बिल्ला, आणि बसमध्ये पुढे उभं राहून बोलायला माइक. मला त्या माइकची फार हौस होती. शाळेत कधी हातात मिळाला नव्हता. मी माइक हातात घेऊन, दुसऱ्या काखेत ती चादर धरून बसमध्ये चढले, तर गायकमंडळातले एक गृहस्थ मागून म्हणाले, "दीदी, ये बंदूक किस पे चलाओगी?" सगळी बस हसली. फादरही हसले. हसण्यात वाईट काहीच नव्हतं, मीही हसले. आणि हसत हसत खाली उतरले, आणि ती चादर क्लीनरच्या हातात दिली. त्यानं ती डिकीत ठेवली. सुटकेसच्या वर, नीट, असं मी त्याला बजावलंसुद्धा. मग वर चढले आणि माइकवर सगळ्यांना सुप्रभात म्हणाले.

बसच्या डिकीत मे महिन्यात काय होतं, हे आज मला कुणी झोपेत विचारलं तरी सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं, असंही नाही. ज्या बाईनं रेल्वेत ओला टॉवेल गुंडाळला, तिला काय डिकी थंड असते असं वाटलं असेल? मला ते आठवायचं नव्हतं. दिवसभर मी माइकवर होते. डावीकडे समुद्र, उजवीकडे नारळ, आता भजन म्हणा, आता पाणी प्या. छान झाली हो सहल. लोक अजून नाव काढतात.

वेलंकणीला डिकी उघडली, तेव्हा चादर ओली होती. टाके उसवले तर आत मेणबत्ती नव्हती. मेण होतं. काही चादरीत मुरलेलं, काही कुणाच्या सुटकेसला चिकटलेलं, आणि मधून वात तेवढी लांबच लांब निघाली, नोएलच्या उंचीची. गुलाबी रेघ कुठे होती तेही कळेना. मला रडायला यायला हवं होतं ना? मला आधी सुटकेसची काळजी वाटली. नखांनी मेण खरवडलं, चादर गुंडाळली आणि लॉजच्या मागच्या ड्रममध्ये टाकली. कुणी पाहिलं नाही. एवढ्या माणसांत कुणीच कसं पाहिलं नाही, याचं मला पुढे कितीदा वाईट वाटलंय.

तुम्ही विचाराल, मग दुसरी का नाही घेतलीस? तिथे तर रस्ताभर दुकानं. बोटाएवढीपासून पुरुषभर उंचीपर्यंत मेणबत्त्या उभ्या असतात. अगदी बरोबर. मीही तेच ठरवलं होतं. उंची माझ्या लक्षात होती, माझ्या कमरेला जिथे निऱ्या खोचते तिथपर्यंत. दुसरी घेऊ, लावू, आंटीच्या मेणाची नसली तरी पोराच्या नावाची तर होईल. पण संध्याकाळी खोल्यांच्या चाव्यांवरून गोंधळ झाला. मग मिस्सा. मग एका आजींना चक्कर आली. सकाळी लावू म्हटलं. सकाळी बस लवकर काढायची होती. आणि मग — काय सांगू — मी विसरले. मेणबत्ती वितळली हा अपघात म्हणता येईल. विसरले याला काय म्हणायचं? ज्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या कबरीवरचं मेण माझ्या हातात दिलं, तिचं काम मी चाव्यांच्या गोंधळात विसरून गेले. आठवलं ते परतीच्या गाडीत, इटारसीला, हातात भज्यांचा कागद असताना. भजी मात्र खाल्ली. टाकली नाहीत.

इटारसी ते झाशी मी ठरवत होते, कसं सांगायचं. वाक्यंसुद्धा तयार केली. गाडी लागली, तर रोझी आंटी प्लॅटफॉर्मवर उभी, कडेवर एवढा मोठा नोएल. गुडघ्यांचं दुखणं घेऊन जिना चढून आली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जला दी न?"

मी म्हणाले, "जला दी, आंटी."

तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण मी पडले बोलघेवडी. तिचे डोळे भरून आलेले पाहिले आणि मला आणखी देण्याचा उमाळा आला. मी म्हणाले, समुद्राचा एवढा वारा होता आंटी, सगळ्यांच्या विझत होत्या, पण आपल्या नोएलची सरळ जळत राहिली, शेवटपर्यंत. हे मला कुणी विचारलं नव्हतं. हे माझ्याच तोंडातून आलं, साडीला फॉल लावावा तसं. आंटीनं तिथेच प्लॅटफॉर्मवर छातीवर क्रुसाची खूण केली, मला जवळ घेतलं, आणि नोएल माझा बिल्ला ओढत राहिला.

आता पुढची गंमत ऐका. पावसाळा सरता सरता एका सकाळी दूधवाला आंटीच्या दारात उभा होता. ती रोज त्याला जे ऐकवते तेच ऐकवायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज आला — "पानी मत मिलाओ!" नोएल. पहिलंच वाक्य. एकेक शब्द नाही, बोबडं नाही, सरळ दम. दूधवाल्याच्या हातून माप पडलं म्हणतात. आंटी तशीच गाउनवर धावत आमच्याकडे आली, हातात केकसुद्धा नव्हता, म्हणजे बघा. आमच्या ओट्याला धरून ती हसत होती आणि रडत होती. आणि त्यानंतर तो पोरगा जो सुरू झाला तो थांबलेला नाही. आज ग्वाल्हेरला एका कंपनीत दिवसभर फोनवर बोलायचीच नोकरी करतो, आणि संध्याकाळी आजीला फोन करून पुन्हा बोलतो.

मी त्या दिवशी आनंदानं नाचले. खोटं नाही. पोरगं बोललं याचा आनंद मला आंटीपेक्षा कमी झाला असेल असं वाटत नाही. पण आंटी रविवारी चर्चमध्ये उभी राहिली आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. वारा, विझणाऱ्या मेणबत्त्या, सरळ जळलेली ज्योत, सगळं, माझ्या शब्दांत. मी मागच्या बाकावर होते. लोक वळून बघत होते. त्या दिवसापासून मी "मोमबत्तीवाली दीदी" झाले. ललितपूर, ग्वाल्हेर, कानपूर, कुठून कुठून फादरांचे, पास्टरांचे फोन येतात, आणि विचारतात, वही दीदी न? मी म्हणते, जी, वही. आमच्या घरावर वरचा मजला चढला तो त्या ज्योतीवर, जी कधी पेटलीच नव्हती. मंडळी अजूनही मेणबत्त्या माझ्याच हातात देतात. मी त्या मांडीवर घेऊन जाते, काचेच्या असल्यासारख्या, आणि पोचताक्षणी लावते, चाव्या नंतर. त्यानं काही फिटत नाही, तेही मला कळतं.

इथवरचं असतं तर कदाचित मी लिहिलं नसतं. माणूस अशी एखादी गोष्ट घेऊन हसतखेळत म्हातारा होऊ शकतो. मी होतच होते. पण यंदा रोझी आंटी म्हणाली, मला जायचंय. ऐंशी ओलांडली, गुडघे गेलेले, लांब जायचं तर चाकाची खुर्ची लागते. म्हणाली, मरायच्या आधी ती जागा बघायची आहे. "जहाँ तूने जलाई थी, बस वो जगह दिखा देना."

मी नाही कसं म्हणणार होते? सगळी व्यवस्था केली. खालचा बर्थ, उतार असलेला लॉज, खुर्ची बसमध्ये चढवायला फळी. आणि मनाशी पक्कं केलं, की या वेळी वाटेत सांगून टाकायचं. भोपाळला सांगणार होते, ती झोपली होती. नागपूरला सांगणार होते, ती संत्रं सोलून मला भरवत होती. बल्लारशाच्या पुढे जंगल लागलं, दोघीच खिडकीशी होतो, तोंड उघडलंसुद्धा, तर ती म्हणाली, तुझी आई असती तर तिलाही आणलं असतं, पेरू कुणाचे का असेनात. मग मी आईबद्दलच बोलत राहिले.

तिच्याजवळ एक लांबलचक गाठोडं होतं, चादरीत शिवलेलं. काय आहे ते सांगायचं असतं तर शिवलं कशाला असतं? मला वाटलं, नोएलसाठी, लग्नबिग्न जुळावं म्हणून. पण नोएल दारातून वाकून येतो, आणि हे गाठोडं तेवढं नव्हतं. चेन्नईला बसच्या क्लीनरनं ते डिकीसाठी उचललं. आंटीनं खुर्चीतून त्याचं मनगट धरलं.

"डिकी में नहीं, भैया. पिघल जाएगी." आणि मग माझ्याकडे बघून हसली. "ये तो गोद में लेके गई थी. पूरे रास्ते."

मी फळी लावायला वाकले. किती वेळ वाकून होते, कोण जाणे. तो क्लीनर म्हणाला, अम्मा, बस झाली, बसली फळी.

वेलंकणीला चर्चबाहेर, समुद्राकडच्या अंगाला, मेणबत्त्या लावायची उघडी जागा आहे. संध्याकाळची ऊन उतरायची वेळ होती. बाकीची मंडळी पाण्यात पाय बुडवायला गेली होती. आंटीनं विचारलं, कुठे? आता बघा, इथे अजूनही वेळ होती. आसपास आपली भाषा कळणारं कुणी नव्हतं. ती होती आणि मी होते. आणि माझा हात वर झाला. चाळीस वर्षं गाइडचं काम केल्यासारखा सहज वर झाला आणि त्यानं एक जागा दाखवली. मी म्हणाले, वहाँ. उस कोने में.

ती खुर्चीतून उतरली. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही. त्या कोपऱ्यात, त्या माझ्या खोट्या कोपऱ्यात, ती त्या गुडघ्यांवर टेकली. फरशी हातानं चाचपली. मग मला म्हणाली, चादर सोड.

मेणबत्ती होती. तिनं घरी केलेली, पांढरी, जराशी वाकडी. ती म्हणाली, इधर आ, सीधी खड़ी हो. मला मेणबत्तीशेजारी उभं केलं आणि वर बघून माझ्या डोक्याशी ताडून पाहिली. तेव्हा मला आठवलं. दिवाळीच्या आधी तिनं मला तिच्या दाराला टेकवून उभं केलं होतं, पडद्याचं माप घ्यायचंय म्हणून. मी उभी राहिले होते, फराळाच्या गप्पा मारत. पडदा काही तिनं नंतर लावला नाही, आणि मीही विचारलं नाही. ती म्हणाली, तूने मेरे बच्चे की जलाई, अब तेरी मैं जलाऊँगी.

मी मेणबत्ती तिच्याकडे तिरपी धरली, तिनं ती लावली. आणि ती विझली. पुन्हा लावली. वारा होता हो, समुद्राचा असतो तसा होता, सगळ्यांच्याच विझत होत्या. तिसऱ्यांदा मी आडवी उभी राहिले, पदराचा आडोसा केला, तरी विझली. आंटी त्या वातीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "नोएल वाली तो सीधी जली थी न? तूने बताया था." मी पदर खोचला. ती म्हणाली, "तो मेरी दुआ में ही कुछ कमी है, बिटिया. तेरे लिए ठीक से माँगना नहीं आया मुझे."

एक वाक्य. मला एकच वाक्य बोलायचं होतं — आंटी, ती जळलीच नव्हती. मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, आज हवा ज़्यादा है. आणि रुमालानं तिचे गुडघे झटकले.

तिला सगळं माहीत होतं आणि ती मला सांगायची संधी देत होती, असं मी स्वतःला समजावून पाहिलं आहे. फार सोयीचं आहे ते. पण नव्हतं माहीत. मी तिला पन्नास वर्षं ओळखते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं.

सहल उत्तम झाली. परतताना गायकमंडळानं इतकं गायलं की डब्यातले बाकीचे लोकही टाळ्यांनी ताल धरू लागले. पुढच्या मेसाठी आत्ताच नावं येऊ लागली आहेत, आणि खालच्या बर्थवरून भांडणंही.

आणि रोझी आंटी रोज सकाळी चर्चला जाते. आधी फक्त रविवारी जायची, तेही नोएल आला तर गाडीनं. आता रोज, काठी टेकत, चालत. फादरांनी सांगितलं, घरी बसून मागा, तिथेही ऐकू येतं. ती म्हणाली, एक मोमबत्ती उधार है, सुधा की. सुधा म्हणजे मी. आमच्या दारावरूनच वाट आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की काठीचा आवाज येतो, आणि मी खिडकीशी जाते. ती थांबते, दम घेते, वर बघते. "तेरे ही काम से जा रही हूँ," म्हणते, आणि हसते.

मी हात हलवते. ती पुढे जाते.